पाणीपुरवठा खाजगी कंपनीला चालवायला द्यायचाय, मग वॉटर वर्क्समधल्या जुन्या वास्तूंचं काय?

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. एका तालुक्याच्या गावची नगरपरिषद पाणीपुरवठ्याचं ओ अँड एम, म्हणजे योजना चालवणं आणि देखभाल, १५ वर्षांसाठी खाजगी कंपनीला देणार आहे. जुन्या वॉटर वर्क्सच्या आवारात ब्रिटिशांच्या काळातलं दगडी पंपहाऊस आहे, कौलारू फिल्टर हाऊस आहे, जमिनीखाली चुन्यात बांधलेली टाकी आहे जी आजही रोज भरते, कोपऱ्यात त्या सगळ्याहून कितीतरी जुनी बारव आहे आणि गावात जुन्या नहरीचे (जमिनीखालून पाणी आणणाऱ्या मार्गाचे) दोन-तीन उच्छ्वास, म्हणजे हवा जायला बांधलेले मनोरे, अजून उभे आहेत. हेरिटेज यादी गावात झालेलीच नाही. निविदा अजून निघायची आहे. विचारणाऱ्यांचा प्रश्न असा की हे सगळं कंपनीच्या ताब्यात गेलं म्हणजे संपलं का, आणि मग आम्ही खाजगीकरणालाच विरोध करावा का.

मी संवर्धनाचं काम करणारी आर्किटेक्ट आहे, जुन्या टाक्या, पंपहाऊस, बारवा यांच्या दुरुस्तीची कामं करते आणि नगरपालिकांच्या निविदांमध्ये वास्तूंबद्दलचा भाग लिहून देते, त्या अनुभवावरून सांगते. वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे लिहिलंय ते तुमच्या वकिलाला दाखवून मगच वापरा.

पहिली गोष्ट. कंपनी येऊन हेरिटेज पाडते असं सहसा होत नाही. होतं काय की करारात त्या वास्तूचा उल्लेखच नसतो. कंपनीला पैसे मिळतात ते पाणी किती तास दिलं, प्रेशर किती, गळती किती कमी केली, तक्रार किती वेळात सोडवली यावर, आणि दंडही त्यावरच लागतो. दगडी पंपहाऊसच्या छतावर पिंपळ उगवला तर त्या कोष्टकात कुठेच काही हलत नाही. मग १५ वर्षात काय होतं, तर वापरात नसलेल्या इमारतीत ब्लीचिंग पावडरच्या गोण्या आणि क्लोरीनचे टोनर (मोठे सिलिंडर) जाऊन बसतात, वापरात असलेल्या इमारतीला गळती लागली की सिमेंटचा गिलावा मारला जातो कारण तो दोन दिवसात होतो, आणि जुनी मशिनरी भंगारात जाते. यात कोणाची नियत वाईट असावी लागत नाही. आणि हे नगरपरिषद स्वतः चालवत असतानाही होतच असतं, फक्त तेव्हा एखादा जुना व्हॉल्वमन किंवा पंप ऑपरेटर असतो ज्याला त्या जागेचा जिव्हाळा असतो, वीस वर्ष तिथेच ड्यूटी केलेली असते, तो "हे काढू नका साहेब" एवढं तरी म्हणतो. कंपनी आली की पहिल्यांदा ही माणसं बदलतात, म्हणून नुकसानाचा वेग वाढतो.

त्यामुळे खाजगीकरणाला विरोध करायचा की नाही हा तुमच्या गावाचा वेगळा निर्णय आहे, पाण्याचे दर, कामगार, सेवा यावर तो ठरू द्या. वास्तूंचा मुद्दा त्यात मिसळलात तर दोन्हीकडून नुकसान, कारण विरोध हरला की वास्तूंचा मुद्दाही त्याच्याबरोबर जातो आणि करार लिहिताना तुमचं ऐकायला कोणी उरत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हीच तपासून सांगू शकता. करार कुठल्या प्रकारचा आहे? नुसतं मनुष्यबळ आणि किरकोळ दुरुस्ती असेल तर धोका मर्यादित असतो कारण मोठी कामं नगरपरिषदच काढते. पण कंपनीने स्वतः भांडवल घालून नवीन टाक्या, नवीन पंप बसवायचे आणि पंधरा-पंचवीस वर्ष चालवायचं असं असेल तर आवारातली प्रत्येक मोकळी जागा आणि प्रत्येक जुनी इमारत ही तिच्यासाठी बांधकामाची जागा असते. नागपूरला २०१२ पासून २५ वर्षांचा करार चालू आहे, तिथे मालमत्तेची मालकी महापालिकेकडेच ठेवलीय आणि चालवणं कंपनीकडे. तुमच्याकडेही मालकी नगरपरिषदेचीच राहणार असं सगळे सांगतील, पण नुसत्या मालकीने काही वाचत नाही, ताबा कोणाकडे आणि कामाची परवानगी कोण देतं हे बघा.

दुसरं, जमीन खरंच नगरपरिषदेची आहे का? जुन्या पाण्याच्या वास्तूंमध्ये हा घोळ कायम असतो. बारव देवस्थानची निघते, तलाव जलसंपदा खात्याचा निघतो, नहरीचा उच्छ्वास कोणाच्या तरी खाजगी अंगणात असतो. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की वक्फकडे आहे आणि शहराचा पाणीपुरवठा महापालिकेकडे. जे नगरपरिषदेचं नाहीच ते ती कंपनीला देऊही शकत नाही. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा हे तिन्ही काढा.

तिसरं, यातलं काय चालू आहे आणि काय बंद. माझं सगळं उत्तर या एका फरकावर उभं आहे, म्हणून यावर जास्त लिहिते.

माझं मत स्पष्ट आहे: जे वापरात नाही ते कंपनीला देऊच नका, आणि जे वापरात आहे ते देताना त्याच्या संवर्धनाचे पैसे बाजूला ठेवूनच द्या.

बंद पडलेल्या वास्तूबद्दल आधी. तुमचं फिल्टर हाऊस आणि बारव. निविदेत "वॉटर वर्क्सचं आवार, त्यातील सर्व इमारतींसह" असं एक वाक्य असतं, कन्सल्टंट ते जुन्या निविदेतून उचलतो. ते वाक्य बदलून घ्या. आवाराचा नकाशा काढून त्यावर लाल रेघेने ताब्याची हद्द दाखवायची, बारव आणि फिल्टर हाऊस त्या रेघेच्या बाहेर, आणि त्यांच्याकडे जायला वेगळी वाट आणि वेगळं गेट. त्या इमारतींची किल्ली नगरपरिषदेकडे. कंपनी म्हणेल स्टोअरला जागा हवी, तर तिला नवीन शेड बांधू द्या, शेडचा खर्च फार नसतो. एकदा वस्तू ठेवायला दिलं की परत मिळत नाही, हे मी फार ठिकाणी बघितलंय.

बंद पडलेलं किती पटकन हातातून जातं याचं मोठं उदाहरण अमेरिकेत वॉशिंग्टनचं आहे. मॅकमिलन सँड फिल्टर, १९०५ सालचं, जमिनीखाली काँक्रीटच्या कमानींच्या खोल्यांमधून वाळूतून पाणी गाळायची व्यवस्था. १९८० च्या दशकात नवीन प्लँट आल्यावर ते बंद झालं, १९८७ मध्ये फेडरल सरकारकडून शहराने ती जागा विकत घेतली, मग अनेक वर्ष नुसतं कुंपण, वादविवाद, कोर्ट, आणि शेवटी थोडा भाग ठेवून बाकीच्यावर नवीन बांधकाम. शेजारचा जलाशय चालू होता तो टिकला. विक्री झाली तेव्हाच बंद भागाचं काय करायचं, कोण सांभाळणार, पैसे कुठून येणार हे ठरायला हवं होतं.

अमेरिकेतला एक नियम मात्र मला फार आवडतो. तिथे १९६६ चा राष्ट्रीय वारसा कायदा आहे, त्याखालच्या नियमांत असं आहे की फेडरल सरकारची ऐतिहासिक मालमत्ता पुरेशा आणि कायद्याने बजावता येतील अशा अटींशिवाय विकणं, भाड्याने देणं किंवा हस्तांतरित करणं हीच गोष्ट त्या वास्तूवर वाईट परिणाम मानली जाते. म्हणजे पाडल्यावर नुकसान मोजत बसायचं नाही, अटींशिवाय कागद सरकवला तिथेच नुकसान झालं असं धरायचं. हा नियम आपल्याकडे लागू नाही, पण विचार म्हणून तुमच्या सभेत जरूर मांडा. इंग्लंडमध्ये तर १९८९ ला पाण्याच्या कंपन्या पूर्ण खाजगी केल्या, आणि वॉटर इंडस्ट्री अ‍ॅक्ट १९९१ च्या कलम ३ मध्ये त्या कंपन्यांवरच जबाबदारी टाकली की काम करताना ऐतिहासिक इमारती आणि पुरातत्त्वीय ठिकाणं जपण्याचा विचार केला पाहिजे. आपल्याकडे असं कलम आयतं मिळत नाही, म्हणून ते करारातच लिहावं लागतं.

आता चालू असलेल्या वास्तू, म्हणजे पंपहाऊस आणि जमिनीखालची टाकी. या कंपनीला द्याव्याच लागतील आणि दिलेल्या बऱ्या, कारण वापरात असलेली वास्तू रोज कोणीतरी बघतं. कलकत्त्याची टाला टाकी बघा. १९११ पासून चालू आहे, शंभर फुटांहून उंच खांबांवर उभी लोखंडी टाकी, ९० लाख गॅलनची. ती म्हातारी झाली म्हणून पाडली नाही, आत चार कप्पे आहेत, एकेक कप्पा रिकामा करून दुरुस्त केला आणि बाकीच्यांमधून शहराला पाणी चालू ठेवलं. मुंबईत मलबार हिलचा जलाशय, एकोणिसाव्या शतकातला, वर हँगिंग गार्डन. महापालिकेने पाडून नवीन बांधायचं ठरवलं होतं, रहिवाशांनी विरोध केला, २०२३ मध्ये तज्ज्ञांची कमिटी नेमली गेली आणि तज्ज्ञ टाकीच्या आत उतरून तपासणी करून आले, त्यानंतर गाडी पाडण्यावरून दुरुस्तीवर आली. यातून तुमच्यासाठी घ्यायचं ते हे की "जुनी झाली, पाडा" हा निष्कर्ष आत उतरून बघितल्याशिवाय कोणालाही काढू देऊ नका. करारात लिहा की कुठलीही ५० वर्षांहून जुनी वास्तू पाडायची शिफारस असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट, ते नगरपरिषदेने नेमलेल्या आणि दगड-चुन्याच्या कामाचा अनुभव असलेल्या इंजिनिअरकडून, कंपनीच्या इंजिनिअरकडून नाही. आरसीसीचा माणूस रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद तपासायचं उपकरण) घेऊन येतो आणि दगडी भिंतीला मारून आकडे लिहितो, त्या आकड्यांना तिथे काही अर्थ नसतो.

टाकीबद्दल थोडं तांत्रिक, कारण इथे चूक झाली तर परत फिरता येत नाही. जमिनीखालच्या दगडी टाकीच्या भिंतीवर आतून पाण्याचा दाब आणि बाहेरून मातीचा दाब असतो, दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. भर पावसाळ्यात बाहेरची माती पाण्याने भरलेली असताना टाकी एकदम रिकामी केली तर बाहेरचा दाब एकटाच उरतो आणि भिंत आत फुगते, तळ उचलला जाऊ शकतो. जुन्या माणसांना हे माहीत असतं, ते टाकी उन्हाळ्यात धुतात आणि हळूहळू उतरवतात. नव्या कंपनीच्या वेळापत्रकात "दर सहा महिन्यांनी टाकी सफाई" असतं आणि त्यातली एक तारीख बरोबर जुलै-ऑगस्टमध्ये येते. करारात सफाईचा महिना आणि पाणी उतरवायचा वेग लिहून टाका, जुन्या ऑपरेटरला विचारून.

मग सिमेंट. चुन्यात बांधलेल्या भिंतीतून ओलावा आत-बाहेर जात असतो. वरून घट्ट सिमेंटचा गिलावा किंवा पॉइंटिंग केलं की ओलावा अडकतो, क्षार दगडाच्या आणि सांध्याच्या आत जमतात आणि काही वर्षात गिलावा पोपडे धरून पडतो तो दगडाचा पापुद्रा घेऊनच. गळती थांबायच्या ऐवजी दुसरीकडून निघते. म्हणून दुरुस्ती चुन्यातच, टाकीच्या आतल्या बाजूला पाण्यात टिकणारा हायड्रॉलिक चुना किंवा सुरखी (विटांची पूड) मिसळलेला चुना, आणि कुठलंही कोटिंग लावायचं असेल तर ते पिण्याच्या पाण्यासाठी चालणारं आहे का याचं सर्टिफिकेट आधी. इथे प्रामाणिकपणे सांगते की पिण्याच्या पाण्याच्या टाकीत संवर्धनाच्या वर आरोग्य आहे, गळतीतून गटाराचं पाणी आत येत असेल तर तो भाग ताबडतोब बंद करावाच लागेल, मग तात्पुरतं काहीही वापरावं लागो. फक्त तात्पुरतं हे तात्पुरतंच राहील, किती दिवसात काढून नीट काम करायचं, हे लिहिलेलं हवं.

पंपहाऊसमध्ये तीन गोष्टी बघा. क्लोरीन, कंप आणि भंगार. क्लोरीन वायू हवेतल्या ओलाव्याबरोबर आम्ल बनवतो आणि लोखंड खातो. जुन्या पंपहाऊसच्या छताला लोखंडी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) असतात, शेजारच्या खोलीत ९०० किलोचा टोनर ठेवला आणि बारीक गळती असली तरी काही वर्षात बोल्ट आणि सांधे सडतात, खालून दिसत नाही कारण रंग लावलेला असतो. क्लोरीन रूम वेगळी आणि लांब, सुरक्षेसाठीही तेच बरं. कंपाचं असं की नवीन पंपांचा पाया जुन्या भिंतीच्या पायापासून सुटा करायचा, जुन्या पायावर बोल्ट ठोकून नाही. आणि भंगार हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. बऱ्याच निविदांत "काढलेलं साहित्य कंत्राटदाराचं, त्याची किंमत दरात धरलेली आहे" असं कलम असतं. एका गावात या एका ओळीमुळे बिडाचे जुने स्लुइस व्हॉल्व, ज्यांच्या अंगावर कारखान्याचं नाव आणि साल ओतलेलं होतं, ट्रकने गेले, आणि कंपनीने काहीच बेकायदेशीर केलेलं नव्हतं. त्या वस्तूंची यादी आधी करा, नंबर टाका, फोटो काढा आणि यादीतल्या वस्तू भंगार कलमातून वगळा. जागा नसेल तर एक पंप, दोन व्हॉल्व, जुना प्रेशर गेज, लॉगबुकं आणि नकाशे एवढं तरी ठेवा. लॉगबुकं आणि जुने नकाशे विशेष करून, कारण हँडओव्हरच्या दिवशी खोली रिकामी करताना कागद रद्दीत जातात आणि मग गावाखाली कुठून कुठली पाइप जाते हे कोणालाच माहीत नसतं. हे नकाशे कंपनीलाही हवेच असतात, म्हणून या मुद्द्यावर ती तुमच्या बाजूने असेल.

आता नहर आणि उच्छ्वास. हे आवारात नसून गावभर पसरलेले असतात, त्यामुळे करारातून वगळून उपयोग नाही, खरा धोका नवीन पाइपलाइनच्या खोदाईचा आहे. जेसीबी एका दुपारी जे तोडतो ते परत जोडता येत नाही. संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केलेली नहर-ए-अंबरी बऱ्याच ठिकाणी रस्त्यांच्या आणि घरांच्या खाली गेलीय. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळातली कात्रज ते शनिवारवाडा नहर तशीच, आज गजबजलेल्या शहराच्या खालून जाते. स्वारगेटला २०१९ मध्ये मेट्रोचं खोदकाम करताना जुन्या पाण्याच्या व्यवस्थेचं भुयार लागलं तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. तुमच्याकडे उच्छ्वास उभे आहेत म्हणजे दोन उच्छ्वासांमधली रेघ साधारण काढता येते. ती नकाशावर काढा, दोन्ही बाजूला काही मीटरचा पट्टा आखा आणि निविदेत लिहा की या पट्ट्यात खोदाई हाताने, आधी ट्रायल पिट (तपासणीचा छोटा खड्डा) घेऊन, आणि काही बांधकाम लागलं तर काम थांबवून २४ तासात मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. पण एक गोष्ट विसरू नका, थांबलेल्या दिवसांची मुदतवाढ कंपनीला मिळेल आणि दंड लागणार नाही हेही त्याच कलमात हवं. ते नसेल तर साइटवरचा सुपरवायझर काही सापडलं तरी माती ओढून पुढे जाणार, कारण थांबण्याची शिक्षा त्यालाच आहे.

कायद्याबद्दल. लोक मला पहिलं हेच विचारतात की एएसआयचा (भारतीय पुरातत्त्व खात्याचा) १०० मीटरचा नियम लागू होईल का. संरक्षित स्मारक जवळ असेल तर १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र येतं हे बरोबर. पण त्याच कायद्यात "बांधकाम" या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यातून लोकांना पाणी पुरवण्यासाठीची कामं वगळलेली आहेत. म्हणजे ज्या कामाची तुम्हाला भीती आहे नेमकं तेच व्याख्येच्या बाहेर. स्मारकाच्या संरक्षित हद्दीच्या आत खोदकाम करायला परवानगी लागतेच, पण शेजारच्या पट्ट्यात पाइपलाइन आली तर फक्त १०० मीटरवर भरवसा ठेवून बसू नका. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा राज्याचा कायदा बघावा लागेल. तुमच्या वर्णनावरून मात्र यातलं काहीच संरक्षित नाही, मग उरतं ते स्थानिक हेरिटेज यादी करणं. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे, ग्रेड एक, दोन, तीन, आणि बाकी राज्यासाठी २०२० च्या एकत्रित नियमावलीत यादी करायची तरतूद आहे. ती प्रक्रिया सुरू जरूर करा, पण हरकती-सूचना आणि मंजुरीत वेळ जातो आणि तुमची निविदा त्याच्या आधी निघेल. म्हणून आत्ता लगेच उपयोगी पडणारी दोनच हत्यारं आहेत, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि करारातलं परिशिष्ट. "पुढील वास्तू नगरपरिषद वारसा म्हणून जपणार आहे" असा नावनिशीवार ठराव झाला की त्याचा हवाला देऊन परिशिष्ट जोडता येतं.

परिशिष्टात काय असावं ते वर येऊन गेलंच आहे, एकदा सलग सांगते. प्रत्येक वास्तूचं एक पान: नाव, जागा, फोटो, आजची अवस्था, भेगा कुठे आहेत, त्यातलं काय बदलायचं नाही, कुठली दुरुस्ती कंपनी स्वतः करू शकते (झाडं काढणं, पन्हळी साफ करणं, कौलं सारखी करणं), कुठल्यासाठी आधी परवानगी, परवानगी किती दिवसात द्यायची. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण नगरपरिषदेने तीन महिने फाइल दाबून ठेवली तर कंपनी कंटाळून काम करून मोकळी होते आणि तिला दोष देता येत नाही. अवस्थेची नोंद ताबा द्यायच्या आधी, दोघांच्या सह्यांनी, आणि मग दर वर्षी एकदा. कारण करार पूर्ण मुदत चालेलच असं नाही. संभाजीनगरचा करार २०११ चा, २०१४ मध्ये कंपनीने ताबा घेतला आणि २०१६ मध्ये तो रद्द झाला. असं मधेच तुटलं तर कोणी काय बिघडवलं हे ठरवायला पहिल्या दिवसाची नोंद हा एकच पुरावा असतो.

आणि पैसे. इथे बहुतेक लोक कच खातात. "कंपनीने जुन्या वास्तूंची योग्य देखभाल करावी" असं लिहून भागत नाही, कंपनी ते सर्वात कमी दरात धरणार आणि शून्य खर्च करणार. चुन्याचं काम, सागाची कैची, मंगलोरी कौलं यांचे दर नेहमीच्या डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, धड मिळत नाहीत, त्यामुळे इस्टिमेट करणारा ते सोडूनच देतो. रेट अ‍ॅनालिसिस करून घ्या आणि निविदेत त्यासाठी वेगळी ठरावीक रक्कम ठेवा जिच्यावर बोली लावायची नाही, सगळ्या कंपन्यांना सारखीच, आणि झालेल्या कामाप्रमाणे मोजमाप करून ती द्यायची. असं केलं की कमी बोली लावायला वास्तूंचा खर्च कापता येत नाही. त्याशिवाय सुरक्षा ठेवीचा एक हिस्सा परतीच्या वेळच्या वास्तूंच्या अवस्थेशी बांधा. दंडाचे आकडे खूप मोठे ठेवू नका, मोठा दंड कोणी लावत नाही, लहान आणि नक्की लागणारा दंड चालतो. नगरपरिषद म्हणेल आमच्याकडे जास्तीचे पैसे नाहीत. मग वास्तूंची संख्या कमी करा, पण रकमेची ओळ काढू देऊ नका, दोन वास्तू पैशासकट वाचवणं हे सहा वास्तू नुसत्या कागदावर लिहिण्यापेक्षा केव्हाही बरं.

बारवेबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय की तिथे दर वर्षी पूजा होते, बायका ओटी भरायला येतात, कंपनीचं कुंपण आल्यावर ते बंद होईल का. वॉटर वर्क्सला कुंपण लागणारच, पाण्याच्या सुरक्षेसाठी ते बरोबरही आहे. म्हणूनच बारव लाल रेघेच्या बाहेर ठेवायची आणि वेगळं गेट मागायचं. जागेच्या रचनेमुळे ते शक्य नसेल तर ठरलेले दिवस आणि वेळ करारात लिहून घ्या, "परंपरेनुसार प्रवेश" असं मोघम नको, कारण परंपरा काय हे गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने ठरवायचं नसतं. आणि बारवेचं पाणी पिण्याच्या योजनेत घ्यायचा विचार चालू असेल तर आधी पाणी तपासून घ्या आणि उपसा किती हे ठरवा, पायऱ्यांवर पंप आणि केबल बसवायला देऊ नका, शेजारी सुटं जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) घेऊन तिथून उचलता येतं का हे इंजिनिअरला विचारा.

आत्ता तुमच्या हातात वेळ आहे तो प्री-बिड मीटिंगपर्यंतचा, म्हणजे बोली लावण्याआधी कंपन्यांबरोबर होणाऱ्या बैठकीपर्यंतचा. त्यानंतर करिजेंडम (निविदेतला बदल) काढायला कोणी तयार होत नाही. म्हणून आधी मुख्याधिकाऱ्यांना आणि पाणीपुरवठा सभापतींना वास्तूंची यादी फोटोसकट लेखी द्या, पोच घ्या, सभेपुढे ठराव आणायला एखाद्या नगरसेवकाला तयार करा आणि जो कन्सल्टंट निविदा लिहितोय त्याला प्रत्यक्ष आवारात फिरवून आणा. बहुतेक कन्सल्टंटनी जागा गुगल मॅपवर बघितलेली असते. निविदेचा मसुदा आला की मालमत्तेचं शेड्यूल (यादी) आणि भंगाराचं कलम एवढी दोन पानं इथे टाका, नावं झाकून, लाल रेघ कुठून काढायची आणि वाक्य कुठे बदलायचं ते सांगते.